गेरासीम आणि दहीवाला

दिवाळीच्या अंकात आजारपणाची आणि मरणाची गोष्ट काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. पण ज्या घरात कुणी मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले असते, त्या घरातही दिवाळी येतेच. आकाशकंदील लागतो, चकल्यांचे घाणे निघतात, पाहुणे येतात. आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आले की सगळ्यांचा आवाज बदलतो. "वा! तब्येत सुधारलेली दिसते!" असे म्हणून दोन मिनिटे उभे राहायचे आणि फराळाच्या ताटाकडे परतायचे. मीही असा कितीदा तरी उभा राहिलो आहे. आत निजलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांत काय होत असेल, हा विचार मला बरीच वर्षे शिवला नाही. तो मला दोन साहित्यकृतींनी शिकवला आणि एका शिंपीकाम करणाऱ्या पोराने.

मी काही व्यासंगी टीकाकार नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत लागलो आणि मुलांना शिकवता शिकवता कादंबऱ्या लिहू लागलो. रशियन मला येत नाही, बंगालीही बेताचीच. दोन्ही कृती भाषांतरांतून वाचल्या. तेव्हा जे लिहितो आहे ते एका वाचकाचे वाचन समजावे.

पहिली कृती टॉल्स्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा. ती 1886 साली प्रसिद्ध झाली. तूला शहरातील न्यायखात्यातला मेचनिकॉव्ह नावाचा एक अधिकारी 1881 साली वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत टॉल्स्टॉयच्या कानांवर आली आणि तिच्यातून ही कथा उगवली. पण बी त्याआधीच पडले होते. 1869 साली प्रवासात असताना अर्झामास गावच्या मुक्कामात, प्रकृती ठणठणीत असलेल्या टॉल्स्टॉयला एका रात्री मरणाच्या भीतीने घेरले होते. कथेतील भय लेखकाने नुसते दुसऱ्याच्या तोंडावर पाहिलेले नाही, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

कथेचा आरंभच मोठा निष्ठुर आहे. न्यायालयातले सहकारी वर्तमानपत्रात इव्हान इलिचच्या निधनाची बातमी वाचतात, आणि प्रत्येकाच्या मनात आधी येते ती बढती: याच्या जागी कोण, आणि त्याच्या जागी मी की काय? वाचक प्रथम हसतो. मग आपणही कुणाच्या तरी तेराव्याला जाताना असलाच काही हिशेब केला होता हे आठवून ओशाळतो. त्यानंतर टॉल्स्टॉय आपल्याला मागे नेतो. पंचेचाळीस वर्षांचा हा न्यायाधीश सरळमार्गी, चारचौघांसारखा. नव्या घराचे पडदे कसे लावावेत हे कारागिराला दाखवायला शिडीवर चढतो, पाय निसटतो, कुशीला मार बसतो. तो विसरलाही जातो. मग तोंडाला चमत्कारिक चव, डाव्या कुशीत जडपणा, आणि हळूहळू न हटणारे दुखणे.

तो डॉक्टरकडे जातो. त्याला एकच विचारायचे असते: माझे हे दुखणे जिवावरचे आहे काय? डॉक्टरला मात्र हा प्रश्न गैरलागू वाटतो. त्याच्या लेखी वाद असतो तो मूत्रपिंड आणि आंत्रपुच्छ यांच्यामधला. या ठिकाणी टॉल्स्टॉय एक मार्मिक गोष्ट सुचवून जातो. इव्हान इलिच स्वतः आरोपीशी न्यायासनावरून असाच वागत आलेला असतो. माणूस बाजूला ठेवून प्रकरण तेवढे पाहायचे, हा त्याचाच शिरस्ता आता त्याच्यावर उलटतो.

दुखणाइताची कळ आणि त्याच्या जिवाची तगमग या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या निराळ्या ओळखता येतात, हे या कथेइतके स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेले नाही. कळ अफूने, मॉर्फिनने काही वेळ तरी थोपते. तगमग थोपत नाही. ती कशी दिसते? इव्हान इलिच कोचाच्या पाठीकडे तोंड करून निजून राहतो. लहानपणीच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकातील 'केयस मर्त्य आहे' हे उदाहरण त्याला पाठ असते. पण केयस कुठला कोण, आणि मी तर आईचा लाडका वान्या, मला कसे लागू पडेल, असे तो पुनःपुन्हा घोळत बसतो. आपण जगलो ते बरोबर जगलो का, हा प्रश्न रात्री त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. घरच्यांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना दिसते ती चिडचिड. बायको जेवणाखाण्याचे, औषधाच्या वेळांचे बोलली की तो खेकसतो. नाटकाला निघालेल्या मुलीचे निरोगी, सजलेले शरीर त्याला सहन होत नाही. 'दुखण्याने स्वभाव बिघडला' एवढाच अर्थ घरचे लावतात. आपणही तोच लावतो. चिडचिड, एकाएकी आलेले मौन, भिंतीकडे वळलेले तोंड, 'आता माझा काय उपयोग?' असा सहज टाकलेला शब्द ही सारी एकाच आजाराची चिन्हे असू शकतात, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

आणि त्याला सर्वांत अधिक छळते ते खोटे बोलणे. तो मरतो आहे हे सर्वांना ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते. आणि सारे मिळून तो नुसता आजारी आहे, पथ्य पाळले की बरा होईल, असे नाटक चालवतात, आणि त्या नाटकात त्यालाही काम करायला लावतात. त्याला हवी असते साधी कीव. आजारी मुलाला जवळ घ्यावे, कुरवाळावे, तसे कुणी तरी आपल्याला घ्यावे एवढीच भूक असते. पण न्यायाधीशाने ती बोलून कशी दाखवावी?

ही भूक ओळखतो फक्त एक जण. गेरासीम हा घरचा तरुण नोकर, खेडवळ, धट्टाकट्टा. धन्याचे शौचाचे भांडे उचलताना तो तोंड वाकडे करीत नाही. पाय उंच धरले की धन्याला बरे वाटते असे दिसताच तो त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन तासन् तास बसतो. सगळ्यांनाच एक दिवस मरायचे आहे, मग थोडे कष्ट करायला काय झाले, असे तो सहज म्हणतो. त्या वाक्याने इव्हान इलिच घाबरत नाही. उलट त्या घरात त्याला प्रथमच मोकळा श्वास मिळतो. माझ्या मते कथेचे मर्म या दोन खांद्यांत आहे. टॉल्स्टॉयने तत्त्वज्ञ आणला नाही, डॉक्टरवर विश्वास टाकला नाही. एक माणूस आणला, जो सत्य झाकत नाही आणि उठून जात नाही. या दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. सत्य सांगून निघून जाणारे पुष्कळ असतात, आणि जवळ बसून खोटे बोलणारे त्याहून पुष्कळ.

एवढे मानूनही टॉल्स्टॉयशी माझे एक भांडण आहे. त्याच्या लेखी इव्हान इलिचची तगमग ही त्याच्या पोकळ आयुष्याची शिक्षा आहे. पडदे, पत्ते, बढत्या यांतच जन्म घालवला म्हणून शेवटी तीन दिवस तो ओरडत राहतो. आणि आपले जगणे चुकले असे मनोमन कबूल करताच, शाळकरी मुलाने हातावर ओठ टेकताच, त्याला मरणाच्या जागी प्रकाश दिसतो. कलेच्या दृष्टीने हा शेवट भव्य आहे. पण वाचकाच्या मनात तो एक खोटी समजूत ठेवून जातो, की नीट जगलेल्या माणसाला ही तगमग होत नाही. दुखणाइताच्या उशाशी बसणाऱ्याने ही समजूत बाळगली तर तो न्यायाधीश होऊन बसेल, आणि त्या खोलीत एक न्यायाधीश आधीच निजलेला आहे.

या भांडणात माझी बाजू घेणारी कृती मला रवींद्रनाथांमध्ये सापडली. 'डाकघर' हे त्यांचे छोटे नाटक 1912 सालचे. त्याआधीच्या दहा वर्षांत मरण त्यांच्या घरात वारंवार येऊन गेले होते: 1902 साली पत्नी, 1903 साली मुलगी रेणुका, 1907 साली अकरा वर्षांचा शमींद्र. नाटकातला अमल हा असाच लहान मुलगा, माधवदत्ताने पोसायला घेतलेला. वैद्यांनी सांगितलेले असते, की शरदाचे ऊन आणि वारा दोन्ही घातक. मुलाला बाहेर सोडू नका. अमल खिडकीशी बसून राहतो. त्याने काय पाप केले आहे? कोणते खोटे आयुष्य तो जगला आहे? काही नाही. तरी त्याचा जीव तगमगतो. त्याला पलीकडच्या डोंगरापार जायचे असते, आणि ते जाणे घडणार नाही हे नाटकभर न बोलता बोलले जाते.

या खिडकीशी कोण कोण येते ते पाहण्यासारखे आहे. दहीवाला येतो. अमल त्याच्याजवळ दही मागत नाही. दही विकायला शिकव म्हणतो, आणि ज्या गावाला कधी गेला नाही त्या त्याच्या गावाचे असे चित्र काढतो की दहीवाला थक्क होतो. घाईत असलेला तो गृहस्थ थांबतो, पैसे न घेता दही देतो, आणि दही विकण्यात सुख आहे हे मला तुझ्याकडून कळले, अशा अर्थाचे बोलून जातो. नाटकाची किल्ली मला इथे सापडते. आजाऱ्याला आपण सतत देत असतो: औषध, मोसंब्यांचा रस, धीर. त्याच्याकडून घेत काहीच नाही. ज्याच्याकडून कुणी काही घेत नाही तो माणूस मरणाआधीच वजा झालेला असतो. दहीवाला अमलकडून काही घेऊन जातो, म्हणून अमल त्या दिवसापुरता पुन्हा माणसांत येतो. राजाचे पत्र आपल्याला येईल, आपण मोठेपणी राजाचा टपालवाला होऊ, ही त्याची आशादेखील काही तरी पोचवण्याची आहे.

गावचा मुखिया थट्टेने कोरा कागद आणून देतो, हे घे राजाचे पत्र म्हणून. ठाकुरदा तो कागद खरा मानून वाचतात. इथे कुणी विचारील, की टॉल्स्टॉयने ज्याचा धिक्कार केला तेच हे खोटे नव्हे काय? मीही बराच काळ या प्रश्नाशी अडलो होतो. आज मला भेद असा दिसतो: इव्हान इलिचच्या घरचे खोटे हे घरच्यांच्या सोयीसाठी आहे, ते त्याचा प्रश्न बंद करते. ठाकुरदांचे वाचन अमलची वाट बंद करीत नाही. शेवटी राजवैद्य येतात आणि पहिली आज्ञा करतात ती सारी दारे-खिडक्या उघडण्याची. अमल झोपी जातो. फुले घेऊन आलेली सुधा एवढाच निरोप ठेवते, की ती त्याला विसरलेली नाही. याहून मोठे आश्वासन नाटककाराने दिलेले नाही, आणि मला वाटते, याहून मोठे देता येतही नाही.

हे नाटक एकदा फार भयंकर जागी झाले. नाझींनी ज्यू लोकांना कोंडून ठेवलेल्या वॉर्सातील वस्तीत यानुश कोर्चाक हा डॉक्टर आणि लेखक अनाथ मुलांचा आश्रम चालवीत होता. तिथल्या मुलांनी 18 जुलै 1942 रोजी 'डाकघर'चा प्रयोग केला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती मुले आणि कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. 'रवींद्रांचे नाटक हळवे आहे' असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी या प्रयोगाचा विचार करावा. ज्यांच्या दारात मरण उभे होते त्यांना हे नाटक उपयोगी पडले.

आपल्याकडे या विषयावरची सर्वांत लाडकी कलाकृती म्हणजे हृषीकेश मुखर्जींचा 1971 सालचा 'आनंद'. आतड्याच्या असाध्य दुखण्याने मरणारा आनंद सर्वांना हसवतो, आणि आपण रडत रडत बाहेर पडतो. मलाही तो चित्रपट आवडतो. तरी आता पाहताना एक शंका येते. आनंद आपल्याला इतका प्रिय का? तो आपली पंचाईत करीत नाही म्हणून तर नव्हे? हसणारा दुखणाईत उशाशी बसलेल्यांची सुटका करतो. घरोघरच्या आजाऱ्यांवर मग तेच काम येऊन पडते: पाहुणा आला की हसा. ज्याला हसता येत नाही तो दुप्पट एकटा पडतो.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तालुक्याच्या गावी शिंपीकाम करीत. पोटात गाठ निघाली. तपासणीचा कागद मला दाखवून डॉक्टरांनी मान हलवली. मी आबांना सांगितले, "अल्सर आहे, महिन्या-दोन महिन्यांत हिंडूफिरू लागाल." रोज संध्याकाळी मी उशाशी बसून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत असे, वर्गात म्हणतात तशा खणखणीत आवाजात. आबा डोळे मिटून घेत. ते ऐकत आहेत असे मी धरून चालत असे. एकदा मध्येच म्हणाले, "बाळ, माझ्या कात्रीचं काय?" मी म्हणालो, "काय म्हणजे? दिवाळीचे कपडे तुम्हीच बेतणार!" ते काही बोलले नाहीत. भिंतीकडे वळले. तो प्रश्न कात्रीचा नव्हता हे मला इव्हान इलिच दुसऱ्यांदा वाचताना कळले. तोवर आबांना जाऊन चार वर्षे झाली होती.

त्यांच्याकडे शिकायला एक पोरगा येत असे. दुकान बंद पडल्यावर तो घरी येऊ लागला. एके दुपारी एक सदरा घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, बाही बसत नाही, चूण पडते. कशी धरू?" मी त्याला खुणेने जायला सांगत होतो. आबांनी हात पुढे केला, सदरा मांडीवर ओढला, बाही उसवली आणि थरथरत्या बोटांनी कच्चा टाका घालून दाखवला. अर्धा तास लागला. त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले. मग तो रोज काही ना काही बिघडवून आणू लागला. मुद्दाम बिघडवीत होता की काय कोण जाणे. एकदा मी दाराशी असताना आबांनी त्याला विचारले, "यातून मी उठत नाही, होय ना रे?" पोरगा थोडा थांबला. "नाही वाटत, आबा," तो म्हणाला, "पण मी रोज येईन." आबांनी त्याचा हात धरला, आणि कात्री त्याला द्यायची असे मला हाक मारून सांगितले. मला राग आला होता, हे कबूल करतो. माझ्या घरातल्या गेरासीमवर मी रागावलो होतो.

साहित्याने जे आधी पाहिले त्याकडे वैद्यकही आता वळले आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाची बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका, आणि 1957 साली डॉक्टर झाली. 1948 साली पोलंडमधून आलेला डेव्हिड टास्मा हा निर्वासित तिच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. आपल्या मागे काहीच खूण राहणार नाही, ही त्याची तगमग होती. मरणाऱ्यांसाठी वेगळे घर असावे असे दोघे बोलत. त्याने जाताना पाचशे पौंड ठेवले, तुमच्या त्या घरातली एक खिडकी माझी असू द्या, अशा अर्थाचा निरोप देऊन. ते घर, सेंट ख्रिस्तोफर, 1967 साली उभे राहिले. त्यात ती खिडकी आहे. हे वाचताना मला अमलची खिडकी आठवल्यावाचून राहिली नाही. सॉन्डर्सबाईंनी शिकवले ते थोडक्यात असे: दुखणे एक नसते. शरीराची कळ, मनाची भीती, घराची व पैशाची काळजी, आणि 'हे सारे कशासाठी?' हा प्रश्न, असे चार धागे एकत्र पिळलेले असतात. आधी कळ थांबवा. औषध कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्या. पोटात आग असताना कुणाला जन्माचा अर्थ सुचणार? भारतातले अशा धर्तीचे पहिले घर 'शांती आवेदना सदन' मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झाले.

कॅनडातील हार्वी चोचिनोव्ह या मनोवैद्याने दहीवाल्याचीच रीत शास्त्रात आणली असे मला वाटते. मरणोन्मुख माणसाला विचारायचे: आयुष्यात तुम्ही सर्वांत जिवंत केव्हा होता? घरच्यांना कोणते शब्द ठेवून जायचे आहेत? उत्तरे लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, आणि तो कागद त्याच्या हाती द्यायचा. 2005 साली कॅनडा व ऑस्ट्रेलियातील 100 रुग्णांवरचा अनुभव त्याने प्रसिद्ध केला. बहुतेकांना समाधान वाटले. 2011 सालच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत दुःखाच्या मोजमापात मात्र ठळक फरक दिसला नाही, तरी हा उपाय आपल्याला उपयोगी पडला असे रुग्णांनी अधिक प्रमाणात सांगितले. म्हणजे हा काही रामबाण नाही. डॉक्टर आणखी एक भेद करतात, तो घरच्यांनीही ध्यानात ठेवावा. कुणाला समोरचा घास, नातवाचे बोलणे गोड लागते, पण पुढे काही अर्थ दिसत नाही. कुणाला समोरचेही काहीच गोड लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस नुसत्या सोबतीने सावरेलच असे नाही. त्याला औषधाची गरज असू शकते, आणि ते तपासून घ्यायला लाजू नये.

मग आपण काय करावे? गीता म्हणू नये असे मी म्हणत नाही. ती ऐकायची आहे का, हे आधी विचारावे. विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी. प्रश्न आला तर तो टोलवू नये. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, पण मी इथे आहे' एवढे म्हणावे. आणि जाताना त्याच्याकडून काही तरी मागून घ्यावे: पुरणाचे प्रमाण, जुन्या वाड्याची हकीकत, अडलेला हिशेब. फराळाचे ताट घेऊन आत जावे आणि बसावे.

तो पोरगा आता आमच्या गावच्या पेठेत दुकान चालवतो. या दिवाळीला माझ्या धाकट्याचा सदरा त्याने शिवला. माप घेऊन झाल्यावर त्याने कापड पसरले, खडूने रेघ ओढली आणि आबांची कात्री चालवली. मी तिथेच उभा होतो. बाही नीट बसली आहे.